देव्हारा माझ्याकडे आला, पण यातलं मी नेमकं काय मानते?

पळसपान

सासूबाई गेल्यावर देव्हारा माझ्याकडे आला. थोरल्या जाऊबाई मुलाकडे मेलबर्नला असतात, म्हणजे दुसरं कोणी नव्हतंच. चांदीचे टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, शंख, घंटा आणि सोबत सासूबाईंची एक वही. वहीत वर्षभराचा कुळाचार तिथीवार लिहिलाय. घट कधी बसवायचे, कुणाचं श्राद्ध कुठल्या तिथीला, नैवेद्याला काय चालतं, काय अजिबात चालत नाही. कारण मात्र एकाही ओळीपुढे नाही.

त्या होत्या तोवर त्या करायच्या आणि मी हाताखाली असायचे. कोणी विचारलं तर मी स्वतःला आस्तिक म्हणायचे आणि विषय संपायचा. आता करणारी मीच, त्यामुळे दर वेळी प्रश्न पडतो की हे मी मानते म्हणून करतेय की वहीत आहे म्हणून.

'देव आहे का' हा वाद इथे नकोय. त्यासाठी दर श्रावणात एक धागा निघतोच, तिकडे जा. मला जाणून घ्यायचंय की तुमच्यापैकी कोणी आपल्या श्रद्धा एकेक करून तपासल्यात का आणि कशा. मी सध्या एक साधी गोष्ट करते. एकेक आचार घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, हे केलं नाही तर मला काय वाटेल? भीती वाटेल, लोक काय म्हणतील असं वाटेल, चुकल्याचुकल्यासारखं वाटेल, की काहीच वाटणार नाही?

चातुर्मासातलं कांदा-वांगं: काहीच वाटत नाही. संध्याकाळचा दिवा: लावला नाही तर घर घरासारखं वाटत नाही. यात भीती जराही नाही, माझी खात्री आहे. शाळिग्राम: शुद्ध भीती. 'शाळिग्राम घरात असेल तर एक दिवसही पारोसा ठेवायचा नाही' हे सासूबाई अशा आवाजात सांगायच्या की अजून कानात आहे. गावाला जाताना बाकीचे देव तांदळाच्या डब्यात ठेवून आम्ही निघायचो, पण शाळिग्राम शेजारच्या काकूंकडे पोचवायचा, सोबत छोटं ताम्हन आणि तुळस. काकू आता मुलीकडे राहायला गेल्या. मागच्या महिन्यात लग्नाला नाशिकला जायचं होतं तर शाळिग्राम पर्समध्ये घालून नेला. एसटीत सारखा हात पर्सवर. विष्णूचं सान्निध्य वगैरे काही नाही, पाकीटमारापासून दागिना जपावा तसा जपला.

तेव्हाच वाटलं की हे धड तपासायला हवं. देवाशी माझं काही नातं असेल तर ते पोलीस-चोराचं तरी नसावं.

श्राद्धाचं काय वाटतं ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. ते नंतर लिहीन.

कडूनिंब

छान धागा. सुरुवात एकादशीपासून करू या का? साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासून. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचा, रताळं तिकडचं आणि खिचडीतली हिरवी मिरचीसुद्धा मेक्सिकोकडची. पोर्तुगीजांची गलबतं यायच्या आधी यातलं काहीही महाराष्ट्रात नव्हतं. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी होणं शक्यच नाही. आणि आपण 'पिढ्यानपिढ्या चालत आलेला उपवास' म्हणून सेलमच्या कारखान्यातून आलेला साबुदाणा भिजवतो.

आता गंभीरपणे. भीती आहे ना, मग सोडून बघा. एक महिना शाळिग्रामाला हात लावू नका. काही होणार नाही आणि काही झालं नाही हे तुम्हाला कळेल. यापलीकडे तपासणी कसली? आणि मी देवाच्या विरोधात बोलतोय असं कोणी म्हणू नका. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, हे दाभोलकर आयुष्यभर सांगत आले. भीती दाखवून करून घेतलेली पूजा ही शोषणाचीच सौम्य आवृत्ती आहे.

आजीचीपिशवी

कडूनिंब, साबुदाण्याचा मुद्दा दर आषाढीला व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यातली माहिती खरी आहे. पण त्यावरून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला पटत नाही.

उपवासाचा नियम 'साबुदाणा खा' असा कधी नव्हताच. 'रोजचं धान्य नको' असा होता. वरई, कंदमुळं, दूध, फळं एवढंच चालायचं. नवीन कंद आला, तो धान्य नव्हता, म्हणून पंगतीत बसला. पदार्थ बदलले, नियम तोच राहिला. नियम तपासूनच बायकांनी बटाट्याला आत घेतलं आणि पावाला बाहेर ठेवलं. कुठल्या धर्मसभेनं ठरवलं नाही, स्वयंपाकघरात ठरलं. आजही आमच्याकडे उपवासाला भेंडी चालते, माझ्या माहेरी चालत नाही. कोथिंबिरीवरून तर दोन वहिनींचं वाजलंय.

माझं म्हणणं, पळसपान, तुम्ही जे करताय ते नवीन नाही. वहीत कारणं नाहीत म्हणजे कोणी विचार केलाच नाही असं समजू नका. तुमच्या सासूबाईंनीही त्यांच्या सासूबाईंच्या यादीतलं काहीतरी गुपचूप गाळलं असणार. गाळलेलं कोणी वहीत लिहीत नाही.

मधलीसुट्टी

वाचतेय. शाळिग्राम आणि एसटी हे फार आवडलं.

रिंगण

नमस्कार. मी माळकरी आहे, चार पिढ्या वारी आहे घरात. गाव पंढरपूरपासून लांब नाही. मला ही वहीची पद्धत जरा शहरी वाटली, राग नसावा. आमच्याकडं कोणी एकटं बसून 'मी काय मानतो' असं तपासत नाही. दिंडीत चालताना आपोआप तपासलं जातं. पावसात तंबू उडाला, पाय फुटले, पुढच्या माणसानं पाणी दिलं नाही, मग कळतं आपल्या तोंडातलं 'माउली' किती खरं आहे. वाखरीला, पंढरपूरच्या अलीकडच्या शेवटच्या मुक्कामाला, पोचेपर्यंत बऱ्याच जणांची निम्मी श्रद्धा गळते आणि उरते ती टिकते.

पण एक गोष्ट सांगतो, जी आमच्या लोकांना फार आवडत नाही. १९४७ साली १ मे पासून साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं करा म्हणून. १० मे ला उपोषण सुटलं. तोपर्यंत 'यातीचा विचार नाही' म्हणणाऱ्या संप्रदायाच्या देवाला पाच-सहाशे वर्षं काही लोक बाहेरूनच हात जोडत होते. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, नामदेव पायरीपाशी. मी लहानपणापासून तिथं डोकं टेकवतो. चोखोबा भिंत पडून गेले मंगळवेढ्याला, आणि नामदेवांनी अस्थी आणल्या त्या आणल्या दारापर्यंत. आत नाही. हे मला चाळिशीपर्यंत खटकलं नव्हतं. अभंग पाठ होते, गात होतो, खटकलं नाही.

माझे पणजोबा १९४७ ला जाणत्या वयाचे होते, फडावर मान होता. त्या दहा दिवसांत ते कुठल्या बाजूला होते हे आमच्या घरी कोणी सांगत नाही. विचारलं तर विषय बदलतात. त्यावरून काय ते समजलो.

तर तुमच्या प्रश्नाच्या यादीत माझा एक प्रश्न घाला. 'मला काय वाटेल' हे ठीक. पण मी हे मानतो त्यामुळं दाराबाहेर कोण राहतं?

कडूनिंब

रिंगण, साष्टांग. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कोणीतरी.

पळसपानताईंच्या पद्धतीला माझा मूळ आक्षेप आता सांगतो. 'चुकल्याचुकल्यासारखं वाटतं' म्हणजे श्रद्धा खरी, असं तुम्ही धरलंय. तंबाखू सोडणाऱ्यालाही चुकल्यासारखं वाटतं. सवय मोडली की वाटणारच. दिव्याला तुम्ही पास केलंत ते भीती नाही म्हणून, पण तो सवयीच्या खात्यातला असू शकतो ना? मग तपासलं काय?

शास्त्राधारे

सर्वांना नमस्कार. इतका वेळ वाचत होतो.

मूळ लेखात एक गृहीतक आहे, ज्याकडे कोणी लक्ष वेधलेले नाही. आचाराचे प्रमाण 'मला काय वाटते' हे केव्हापासून झाले? मनाला आज भीती वाटते, उद्या कंटाळा येतो. मन हाच निकष मानला तर आचार आठवडाभरही टिकणार नाही. शाळिग्रामाची नित्यपूजा सांगितली आहे ती भीती घालण्यासाठी नव्हे. जे घरात ठेवले त्याची जबाबदारी रोज घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. जबाबदारी झेपत नसेल तर शाळिग्राम योग्य व्यक्तीस अथवा देवळात द्यावा, त्यात कोणताही दोष नाही. तो पर्समधून नेण्यापेक्षा हे सरळ.

शिवाय कुळाचार हा व्यक्तीचा नसतो, कुळाचा असतो. आपण त्यातील एक दुवा. दुव्याने साखळीची तपासणी करावी का, हा विचार व्हावा.

पळसपान

@शास्त्राधारे, शाळिग्राम देऊन टाकता येतो हे मला आजवर कोणीही सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. गंमत म्हणजे हे वाचल्यावर पहिल्यांदाच तो ठेवावासा वाटला. भीती 'सुटका नाही' याची होती बहुतेक.

दुव्याबद्दल: हा दुवा दुसऱ्या कुळातून आणून जोडलेला आहे हो. माहेरचा कुळाचार सोडून इकडचा घेतला तेव्हा कोणी म्हटलं नाही की साखळी तोडू नकोस.

@कडूनिंब, तंबाखूचं मान्य. दिवा सवय आहे की आणखी काही, हे मला सांगता येत नाही. विचार करते.

नागनदी

मी नागपूरची, बौद्ध. या धाग्यावर लिहू की नको असं वाटत होतं, कारण आमच्या घरी तपासणी एकदाच झाली आणि ती जाहीरपणे झाली. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही हीही आहे. घरातले देव त्याच आठवड्यात गेले. आजी सांगायची की देव काढताना ती रडली होती, आणि नंतर आयुष्यात एकदाही त्यांचं नाव घेतलं नाही. दोन्ही खरं आहे बाप्पा, रडली हेही आणि परत वळून पाहिलं नाही हेही.

लोक समजतात, एका दिवसात धर्म सोडला. येवल्याला बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' हे सांगितलं १३ ऑक्टोबर १९३५ ला. दीक्षा घेतली १९५६ ला. मधली एकवीस वर्षं त्या माणसाच्या वाचनाचा, विचाराचा आवाका काय होता ते सगळ्यांना माहीत आहे. तरी एकवीस वर्षं लागली. एक महिना शाळिग्रामाला हात लावू नका म्हणणाऱ्या कडूनिंबांनी हे ध्यानात घ्यावं.

आता माझी अडचण. आजोबांनी तपासून घेतलं. मला मिळालं ते आयतं. मी जन्मतः प्रतिज्ञांच्या आत आहे. वंदना पाठ आहे, पौर्णिमेला पांढरी साडी नेसते, विहारात जाते. पळसपानच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिलं तर माझ्याही वहीत कारणं लिहिलेली नाहीत. आणि हे आमच्यात बोलायची सोय नाही, कारण लगेच वाटतं की बाबासाहेबांवर शंका घेतेय.

मला उपयोग झाला तो कालाम सुत्ताचा. केसपुत्त गावचे लोक बुद्धाला विचारतात, जो येतो तो आपलंच खरं सांगतो, आम्ही कोणाचं ऐकायचं? परंपरेनं आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हे सगळे उद्धृत करतात. पोस्टरवर असतं. त्याच यादीत 'तर्कात बसतं म्हणून मानू नका' आणि 'हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून मानू नका' हेही आहे, ते पोस्टरवर नसतं. आणि त्यापुढचं तर कोणी सांगतच नाही. तिथे बुद्ध 'तुम्हाला पटेल ते धरा' असं म्हणत नाही. तो विचारतो, हे मनात आल्यावर लोभ वाढतो का, द्वेष वाढतो का, मोह वाढतो का? माणूस त्यापायी दुसऱ्याचं काही नुकसान करतो का? सुज्ञ लोक त्याला नावं ठेवतात का? तसं असेल तर सोडा.

रिंगणदादांचा 'दाराबाहेर कोण राहतं' हा प्रश्न याच जातीचा आहे. तुमच्या भावनेपेक्षा तो मला भरवशाचा वाटतो. भावना बदलते. दाराबाहेर उभा असलेला माणूस दिसतो.

शास्त्राधारे

नागनदी, आपला प्रतिसाद उत्तम. एक पुरवणी जोडतो, क्षमा मागून. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात धर्माची चार लक्षणे दिली आहेत: वेद, स्मृती, सदाचार आणि 'स्वस्य च प्रियमात्मनः', म्हणजे स्वतःच्या अंतःकरणास जे रुचते ते. मी वर मनाचा निकष नाकारला होता, परंतु ग्रंथच त्यास जागा देतो. चौथ्या क्रमांकावर, पण देतो.

नागनदी

महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जी मनुस्मृती जाळली तिच्यातूनच आता दाखले येणार का आम्हाला? 😄 चालू द्या. चौथ्या क्रमांकावरच्याला पहिल्या तिघांनी कधी बोलू दिलं नाही, एवढंच म्हणते.

मधलीसुट्टी

धाग्याचा काश्मीर होणार म्हणून पॉपकॉर्न घेऊन बसले होते. होईना. निराशा झाली. +१ सगळ्यांना.

पळसपान

'दाराबाहेर कोण राहतं' हे घेऊन कालपासून वही पुन्हा वाचतेय. काही पानं वाचवेनात.

नवरात्रात आमच्याकडे कडक सोवळं. माझ्याकडे बारा-तेरा वर्षं काम करणाऱ्या मावशी नऊ दिवस फक्त बाहेरची भांडी घासतात. 'मावशींना नवरात्रात आतल्या कामाची सुट्टीच द्यायची हो, त्यांनाही सण असतो' असं सासूबाई म्हणायच्या आणि मला ते प्रेमळ वाटायचं. मावशींना भांडी पुरवायची ती मोरीच्या दाराशी. त्यांच्या सणाचं नाव काढायचं आणि स्वयंपाकघराचा उंबरा बंद ठेवायचा. मुलीची पाळी त्या दिवसांत आली की तिची रवानगी मागच्या खोलीत. ती दहावीत असताना भांडली होती, नंतर भांडायची थांबली. पटलं म्हणून नव्हे. नवरात्रात ती आता हॉस्टेलवरून येतच नाही.

माझ्या 'मला काय वाटेल'मध्ये सोवळ्याला मी 'चुकल्यासारखं' असं लिहिलं होतं. ओलेत्यानं नेसलेला रेशमी कद, सकाळचा थंडावा, घटापाशी रुजलेलं धान. ते सगळं मला मनापासून आवडतं. पण ते जिच्या जिवावर आवडतं तिला विचारलं नव्हतं. या वर्षी घट बसतील. सोवळं नाही. नातेवाइकांना काय सांगायचं ते बघू.

दुसरं, चंपाषष्ठीची तळी. आमचा खंडोबा. ताम्हनात नारळ, सुपारी, खोबरं, भंडारा ठेवून पाच पुरुषांनी उचलायचं आणि येळकोट करायचा. आमच्या घरात सध्या पुरुष एक, तोही मस्कतला. गेल्या वर्षी मी सोसायटीतून पाच पुरुष गोळा केले. त्यातला एक सिंधी, एकाला भंडाऱ्याची ॲलर्जी, आणि वॉचमन बिहारचा. त्यांनी बिचाऱ्यांनी मनापासून केलं. मी आणि मुलगी बाजूला उभ्या. टाक आमच्या घरचे, रोडगे मी भाजलेले, भरीत मी केलेलं, आणि 'सदानंदाचा येळकोट' म्हणणार वॉचमन. हसू आलं, पण नंतर बरंच खटकलं.

वसईचा_वारा

मी वसईचा ख्रिस्ती, घरी सामवेदी बोली बोलतो. माझ्याकडून थोडं व्यवहाराचं.

जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिकल्यामुळे एक पद्धत अंगवळणी पडली. संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली, दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री आत्मपरीक्षण. आधी दिवसाबद्दल आभार मानायचे. मग प्रकाश मागायचा. मग दिवस तासातासानं डोळ्यांपुढून न्यायचा. चुकलं त्याची क्षमा, आणि उद्याचा एक ठराव. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. यात 'मी काय मानतो' हा प्रश्न कुठेही नाही. 'आज मी कुठे देवाजवळ होतो आणि कुठे लांब गेलो' एवढाच आहे. तासातासानं बघितलं की लक्षात येतं, चर्चमध्ये मिस्साला बसलो होतो तेव्हा मन पार्किंगमध्ये होतं आणि दुपारी बँकेच्या रांगेत एका म्हाताऱ्याचा फॉर्म भरून दिला तेव्हा जवळ होतो. असं महिनोन्‌महिने केल्यावर कुठली श्रद्धा चालू आहे आणि कुठली नुसती टांगलेली, ते न विचारता कळायला लागतं.

आभार आधी, हे महत्त्वाचं. ते गाळलं की नुसतं स्वतःला झोडपणं होतं. आमच्यात तशीही माणसं भरपूर आहेत.

कडूनिंबांच्या सवयीच्या मुद्द्यावर. माझ्या आजीच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. आजीला लॅटिन प्रार्थना तोंडपाठ, अर्थ एका शब्दाचा माहीत नाही. मराठी आल्यावर ती काही वर्षं खट्टू होती, म्हणायची 'आता सगळं समजतंय, कंटाळा येतो'. तिची भक्ती सवय होती की श्रद्धा, हे मी ठरवू शकत नाही. पण पुरात घरात पाणी शिरलेल्या शेजाऱ्यांना ती वर्षभर जेवू घालत होती हे मी पाहिलंय.

नागनदी

पळसपान, श्राद्धाबद्दल लिहीन म्हणाला होतात. आमच्याकडे ते नाही, म्हणून खरंच जाणून घ्यायचंय. पिंड पोचतो असं तुम्ही मानता का? मानत नसाल तर करता ते कोणासाठी? कडूनिंबसारखं टोचायला विचारत नाही.

पळसपान

नाही मानत. तेच तर लिहिता येत नव्हतं.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा गुरुजी सांगतील तसं दिरांनी सगळं केलं. भाताचे पिंड, काळे तीळ, दर्भ. गुरुजींनी आधीच्या तीन पिढ्यांची नावं विचारली. दिरांना आजोबांच्या वडलांचं नाव आठवेना. मी वही उघडून वाचून दाखवलं, कारण सासूबाईंनी लिहून ठेवलं होतं. पणजीचं नाव, तिच्या सासूचं नाव. त्या बायकांची नावं जगात आता फक्त त्या वहीत आणि त्या पाच मिनिटांत उच्चारली जातात. दुसरीकडे कुठेच नाहीत. शाळेच्या दाखल्यावर नाहीत, सातबारावर तर नाहीतच.

पिंड त्यांना पोचत नाही. पण ती नावं वर्षातून एकदा मोठ्यानं घेणं मला सोडायचं नाही. मग ते श्राद्ध म्हणून करायचं की न मानता नाटक करायचं नाही म्हणून सोडायचं? मुलीनं विचारलं तर 'पोचतं' म्हणणार नाही, हे नक्की. गुरुजींनाही सांगितलं, मी पोचतं म्हणून करत नाही. ते म्हणाले, 'करणाऱ्यांपैकी किती जण मानतात हे मी विचारत नाही, तुम्ही सांगितलंत.' आणि पुढच्या घरी गेले, त्या दिवशी त्यांना सहा घरं होती.

कडूनिंब

बरं, मलाही कोणी विचारलं नाही म्हणून स्वतःच सांगतो. विवेकवाद्यांची वहीसुद्धा उघडायला हवी.

मुलगा आयसीयूत होता तेव्हा बायकोनं तुळजापूरला नवस बोलला. मला कळलं, मी काही म्हटलं नाही. मुलगा बरा झाला, औषधांनी आणि चांगल्या डॉक्टरांमुळे, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. मग नवस फेडायचा प्रश्न आला. तत्त्वानं मी जायला नको होतं. गेलो. रांगेत चार तास उभा राहिलो, तिनं खण-नारळाची ओटी भरली. मित्रमंडळींनी थट्टा केली, एकानं बोलणं सोडलं.

मी गेलो ते देवीला दिलेला शब्द पाळायला नव्हे. बायकोनं तिच्या सर्वांत वाईट रात्री कोणाला तरी एक शब्द दिला होता. तो मोडला असता तर मोडणारा मी ठरलो असतो. पण नागनदी म्हणतात तसं पाहिलं तर, मी तिथे उभा राहिलो म्हणून रांगेतल्या आणखी दहा जणांना वाटलं असेल की 'शिकलेले लोकही येतात'. त्या दहा जणांपैकी एखादा उद्या पोराला डॉक्टरऐवजी भगताकडे नेईल. हे मला सुटलेलं नाही.

रिंगण

कडूनिंबसाहेब, दहा जणांचं तुम्ही उगाच अंगावर घेता. रांगेत कोणी कोणाकडं बघत नाही, पुढच्याची पाठ दिसते फक्त. पण भगताचं म्हणाल तर आपल्या गावात जाऊन सांगा की नवस फेडला तो औषधाचं बिल भरून झाल्यावर. बिलाचा आकडाही सांगा. त्याचा उपयोग होईल, देवळात गेला नाहीत त्यापेक्षा जास्त.

आणि पळसपानताई, श्राद्धाला आमच्याकडं आता बरेच जण अस्थी शेतात पुरून त्यावर झाड लावतात. कीर्तन ठेवतात, नावं घेतात. गुरुजींशिवायही नावं घेता येतात. पण तुम्हाला मंत्रांसकट हवी असतील तर तसं करा. मला मंत्र कळत नाहीत, पण वसईकरांच्या आजीसारखं काही तरी असेल त्यात.

शास्त्राधारे

विषयाशी संबंधित. तळीबद्दल आपला प्रतिसाद वाचल्यानंतर माझ्याकडील ग्रंथ पाहिले. तळीला पाच किंवा विषम संख्या असावी याचा उल्लेख रूढीत सर्वत्र आहे. त्या व्यक्ती पुरुषच असाव्यात, असा स्पष्ट निर्देश माझ्या पाहण्यात आला नाही. जेजुरीच्या परिचितांनाही विचारले आहे, उत्तर आल्यास कळवेन.

पळसपान

आभार. उत्तर काहीही आलं तरी यंदा पाच जण ठरलेत. मी, मुलगी, मावशी, त्यांची सून आणि वॉचमन. वॉचमन स्वतःहून म्हणाला, 'दीदी, मेरे को पूरा याद है'. भरीत-रोडगे भरपूर आहेत, पुण्यात असलात तर संध्याकाळी सातनंतर या. कडूनिंब, तुम्हीसुद्धा. भंडारा लावून घेतला नाहीत तरी चालेल.